पडलेलं विमान आधी बघायचं



गेल्या महिन्यात सातवीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. तिनं विचारलंय, ‘काका, तुम्ही आम्हांला दर वेळी नवनवे छंद सांगता. पण तुमचा स्वतःचा छंद कोणता?’

पत्र वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो. उत्तर तसं अगदी सोपं आहे. विमानं! खरीखुरी नव्हेत हं. घरी हातानं बनवलेली, रबराच्या पिळावर उडणारी छोटी विमानं. पण हा छंद माझा एकट्याचा कधीच नव्हता. तो आम्हां दोघांचा होता. आणि त्या दोघांतला एक जण गेल्या पावसाळ्यात आजारपणात वारला. म्हणून आज छंदाबद्दल सांगता सांगता मी तुम्हांला माझ्या मित्राबद्दलच सांगणार आहे. चालेल ना?

त्याचं नाव मात्र सांगणार नाही. खरं तर आम्ही एकमेकांना कधी नावानं हाक मारलीच नाही. तो मला ‘गड्या’ म्हणायचा आणि मीही त्याला ‘गड्या’च म्हणायचो. त्याची आई वैतागून विचारायची, ‘अरे, तुमच्यातला कोणता गड्या जेवायला बसणाराय आणि कोणता घरी जाणाराय?’

ही गोष्ट १९७६ सालची. आम्ही बार्शीला राहायचो, सोलापूर जिल्ह्यात. दोघंही आठवीत. त्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायला, हवा भरायला, चाकाचा आऊट काढायला तिथं दिवसभर गर्दी असायची. शाळा सुटली की आम्ही दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत. पक्कड, कानस, तारा, जुन्या ट्यूबा असा सगळा खजिना तिथं पडलेला!

एक दिवस शाळेच्या वाचनालयात आम्हांला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. छोटी विमानं कशी बनवायची, त्याचं. इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण चित्रं कळत होती. त्यात पानोपानी एक शब्द होता, ‘बाल्सा’. आम्ही विज्ञानाच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, ‘ते दक्षिण अमेरिकेतलं झाड. इक्वेडोर देशात खूप होतं. लाकूड इतकं हलकं, की तेवढ्याच पाण्याच्या सहाव्या हिश्श्याएवढं त्याचं वजन. बाशिंगाचं भेंड पाहिलंय ना? त्याची आठवण होईल असं.’

इक्वेडोरचं लाकूड बार्शीत कुठून मिळणार? आमचे चेहरे पडलेले बघून सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐका, कारण ती खरी आहे आणि मोठी मजेची आहे.

फ्रान्समध्ये आल्फाँस पेनो नावाचा एक तरुण होता. १८७१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं अर्धा मीटर लांबीचं एक विमान बनवलं. वजन अवघं १६ ग्रॅम! आत रबराचा पीळ, मागे पंखा आणि छोटीशी शेपटी. पॅरिसच्या त्विलरी बागेत लोकांसमोर ते ११ सेकंद उडालं आणि साधारण ४० मीटर गेलं. पुढे १८७८ साली अमेरिकेतल्या एका पाद्र्यानं आपल्या दोन मुलांसाठी एक खेळणं घरी आणलं. तेही पेनोच्याच कल्पनेवर बनवलेलं, रबराच्या पिळानं छतापर्यंत उडणारं. ती मुलं खेळण्याच्या नादीच लागली. ते मोडलं, तेव्हा त्यांनी स्वतः तसंच दुसरं बनवलं. त्या मुलांची नावं विल्बर आणि ऑर्व्हिल राईट! १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचं माणूस घेऊन उडणारं विमान पहिल्यांदा हवेत गेलं, ते किती वेळ? १२ सेकंद. आणि किती लांब? साधारण ३७ मीटर. म्हणजे पेनोचं रबराचं खेळणं पहिल्या विमानापेक्षा थोडं लांबच गेलं होतं की नाही?

‘बाल्सा नसेल तर जे आहे ते घ्या,’ सर म्हणाले. झालं! आम्ही कामाला लागलो.

बांबूच्या कामट्या तासून पंखांचा सांगाडा केला. त्यावर पतंगाचा ताव खळीनं चिकटवला. पंखा कोरला पांगाऱ्याच्या लाकडातून. ते लाकूड हलकं आणि मऊ असतं. पंख्याचा आस छत्रीच्या तारेचा. पंखा सुळसुळ फिरावा म्हणून मध्ये काचेचा मणी घातला. तो माझ्या आईच्या तुटलेल्या माळेतला. रबराला एरंडेल चोळलं, म्हणजे पीळ भरताना ते एकमेकांवर घासून तुटत नाही. विमान दोन बोटांच्या टोकांवर तोलून बघायचं, पंखाच्या रुंदीचा पुढचा तिसरा हिस्सा जिथं संपतो, तिथं. शेपूट जड वाटली तर नाकाला मातीची गोळी लावायची. हे सगळं आम्ही चुकत चुकत शिकलो.

आमचं पहिलं विमान पाच सेकंद उडालं आणि नाकावर आपटलं. मी धावत सुटलो. आता ते उचलणार, एवढ्यात माझी कॉलर मागून कुणी तरी पकडली.

‘थांब गड्या. हात लावू नको. आधी बघ.’

तो विमानाशेजारी उकिडवा बसला. एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून. ‘डावा पंख चुरगळलाय. उजव्याला काहीच नाही. म्हंजी हे डाव्या अंगाला वळत वळत पडलं. का वळलं?’ मग त्यानं खाली वाकून एका रेषेत पंख न्याहाळला. खळ वाळताना कागद ओढला गेला होता आणि डाव्या पंखाला बारीकसा पीळ बसला होता. तो पीळ मला दिसलाच नव्हता!

‘पडलेलं विमान बोलतं,’ तो म्हणाला. ‘उचललं की गप्प होतं.’

तेव्हापासून आमचा नियम ठरला. पडलेलं विमान आधी बघायचं, मग उचलायचं. आणि नियमाचा दुसरा भाग असा, की ‘कुणी सोडलं? कुणी पाडलं?’ हे विचारायचं नाही. ‘काय झालं?’ एवढंच विचारायचं.

मित्रांनो, खूप वर्षांनी मला कळलं, की मोठ्या विमानांच्या अपघातांची चौकशीही अशीच होते. त्यासाठी साऱ्या देशांनी मानलेले आंतरराष्ट्रीय नियम आहेत. १९५१ साली ते पहिल्यांदा ठरले. पडलेल्या विमानाचे अवशेष जपून ठेवायचे, असं ते सांगतात. ही चौकशी पुढचा अपघात टळावा म्हणून करायची, दोष कुणाच्या माथी मारायचा हे ठरवण्यासाठी नव्हे, असंही त्यांत स्पष्ट लिहिलंय. सायकलच्या दुकानातल्या तेरा वर्षांच्या पोराला हे कुणी शिकवलं होतं, देव जाणे!

आम्ही विमानांना नावं दिली नाहीत, नंबर दिले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर... प्रत्येक आधीच्यापेक्षा बरं. आणि पाच नंबर तर काय विचारता! हात सोडला की सरळ वर चढायचं, वर गोल घिरट्या घालायचं आणि मांजराच्या पावलांनी खाली यायचं.

पण विमान चांगलं उडायला लागलं, की एक नवीच धास्ती सुरू होते. तुम्ही उन्हाळ्यात घारी पाहिल्या असतील. पंख न हलवता त्या गोल गोल फिरत वर वर जातात. कशा? ऊन तापलं, की नांगरलेली काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा तापते आणि वर चढू लागते. त्या वर जाणाऱ्या हवेत घार आयती चढते. आमचं हलकंफुलकं विमानही तशा हवेत सापडलं, तर रबराचा पीळ संपला तरी खाली येणार नाही. वर जातच राहील!

पुस्तकात त्यावर उपाय होता. शेपटीचा आडवा पंख दोऱ्यानं खाली बांधून ठेवायचा आणि दोऱ्याला सावकाश जळणारी वात लावायची. वात जळत दोऱ्यापाशी आली, की दोरा तुटतो, शेपूट रबराच्या ओढीनं ताडकन वर उभी राहते आणि विमान सावकाश खाली उतरतं. आम्ही वातीऐवजी उदबत्तीचा तुकडा लावला. दुकानातल्या घड्याळावर मोजून ठेवलं होतं, अर्धं पेर उदबत्ती जळायला दोनएक मिनिटं लागायची. (तुम्ही मात्र हे करू नका हं! वाळल्या गवतात ठिणगी पडली, तर आग लागते. आता यासाठी छोटी घड्याळं मिळतात.)

एप्रिलमध्ये परीक्षा संपली. दुसऱ्याच दिवशी आम्ही पाच नंबर घेऊन नॅरो गेज रेल्वेलगतच्या रानात गेलो. बार्शीची ती छोटी आगगाडी तेव्हा चालू होती. बघायला आमच्या वर्गातली सात-आठ पोरं आलेली. त्याचं काम पीळ भरायचं. माझं काम उदबत्ती पेटवून विमान सोडायचं. दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या वेळी पीळ भरून झाला, मी विमान हातात धरलं आणि डोक्यावर बघतो, तर दोन घारी घिरट्या घालताहेत. पोरं ओरडायला लागली, ‘सोड, सोड!’ वाराही अगदी पडलेला.

‘पेटवलीस का रं?’ त्यानं विचारलं.

मी उदबत्ती पेटवली नव्हती. पण एवढी पोरं बघताहेत, आता कुठं थांबायचं? आधीची दोन्ही वेळा विमान उदबत्ती जळायच्या आतच खाली आलं होतं. आताही येईल. मी म्हणालो, ‘हो.’

आणि विमान सोडलं.

ते चढलं. पीळ संपला, पंखा थांबला, तरी चढतच राहिलं. घारींच्या खाली गोल फिरायला लागलं. पोरं टाळ्या पिटत होती. एक मिनिट झालं. दोन झाली. तो शेपूट वर उठायची वाट बघत होता. शेपूट काही उठली नाही. तीन मिनिटांनी विमान मुठीएवढं दिसत होतं, मग चिमणीएवढं, मग नुसता ठिपका. आम्ही रुळाच्या कडेकडेनं धावत सुटलो. अनवाणी. ठिपका कधी डोळ्यांपुढून गेला, तेही कळलं नाही. दिवस मावळेपर्यंत आम्ही बांध न् बांध हुडकला. पाच नंबर सापडलं नाही.

‘उदबत्ती विझली असंल,’ तो म्हणाला.

‘असेल,’ मी म्हणालो. झालं माझं दुसरं खोटं.

रात्रभर झोप लागली नाही. उद्या त्याला खरं सांगायचं, असं मी पन्नास वेळा ठरवलं. पण सकाळी सात वाजता तोच आमच्या दारात हजर! काखेत नव्या कोऱ्या कामट्यांची मोळी. म्हणाला, ‘चल गड्या. सहा नंबर करू.’

त्याचा तो हसरा चेहरा बघून माझं धैर्य गेलं. मी काही बोललो नाही. पाच नंबरच्या पंखावर आम्ही दुकानाचा पत्ता लिहिला होता. कुणाला तरी सापडेल, पोस्टकार्ड येईल, म्हणून त्यानं सबंध उन्हाळा वाट बघितली. पोस्टमन दिसला, की तो दुकानातून बाहेर यायचा. दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडायचा.

कार्ड आलं नाही.

पुढे मी शिकायला पुण्याला आलो, इथंच नोकरी लागली. तो बार्शीतच राहिला, वडिलांचं दुकान त्यानं सांभाळलं. पण दर मे महिन्यात मी जायचो आणि आमचं एक नवं विमान व्हायचं. पुढे पुढे खरंखुरं बाल्सा लाकूडही मिळायला लागलं. पहिला तुकडा हातात घेऊन तो म्हणाला होता, ‘हे लाकूड हाय का पापड?’ गावातली शाळेची पोरं दुकानात जमायची. तो त्यांनाही शिकवायचा आणि पहिला धडा ठरलेला. आधी बघ. मग उचल.

आणि मग आलं २००३ साल. त्या ऑगस्टमध्ये एक बातमी आली. मेनार्ड हिल नावाच्या ७७ वर्षांच्या अमेरिकन आजोबांनी बनवलेलं पाच किलोचं छोटं विमान अटलांटिक महासागर ओलांडून गेलं! ९ ऑगस्टला ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून निघालं आणि ११ ऑगस्टला आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. जवळजवळ ३९ तास आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर. इंधन किती? चार लिटरांपेक्षाही कमी. वाट दाखवायला आत उपग्रहाच्या संदेशावर चालणारं यंत्र होतं. आधीचे प्रयत्न फसले होते, पण त्यांनी सोडून दिलं नाही. आणि सगळ्यांत नवल म्हणजे, हिल आजोबांना जवळजवळ दिसतच नव्हतं. लाकूड ते बोटांनी चाचपून घासायचे. पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांचे सहकारी डेव्ह ब्राऊन वाट बघत उभे होते. त्यांनी ते विमान रेडिओनं अलगद खाली उतरवलं.

त्या दिवाळीत मी बार्शीला गेलो, तेव्हा हे कात्रण त्यानं दुकानाच्या भिंतीवर डकवलेलं होतं. आम्ही चहा पीत बसलो होतो. तो म्हणाला, ‘बघ गड्या. एकानं सोडलं, दुसऱ्यानं उतरवलं. आपलं पाच नंबर बी असंच कुठं तरी उतरलं असंल.’

आता मात्र मला राहवेना. सत्तावीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी घडाघडा सांगून टाकली. उदबत्ती मी पेटवलीच नव्हती. मी खोटं बोललो होतो.

तो शांतपणे चहा संपवत होता. बशी खाली ठेवून म्हणाला, ‘ठाऊक हाय मला.’

‘कधीपासून?’

‘त्याच रातीपासून. सदरा काढला, तर खिशात काडेपेटी! दुसऱ्या फेरीनंतर ती माझ्याकडंच राहिली होती. तू पेटवशील कशानं?’

मला काही बोलताच येईना. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कामट्या घेऊन तो आमच्या दारात आला, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं!

‘मग मला विचारलं का नाहीस?’

‘विचारलं असतं तर तू आणखी एक खोटं बोलला असतास. मग भांडण. मी आपला आधी बघत बसलो, काय झालं म्हणून. पोरं वरडत होती, तू घाबरलास. आणि काडेपेटी तर माझ्या खिशात होती. ती तुला द्यायला मी विसरलो, तेबी खरंच की.’ मग थोडा थांबून म्हणाला, ‘पर तू कधी सांगतूस, याची वाट मात्र बघितली हं मी.’

मित्रांनो, हे शेवटचं वाक्य मी विसरू शकत नाही. तो रागावला नव्हता. पण वाट बघत होता. पोस्टकार्डाची वाट एक उन्हाळा, आणि माझ्या खऱ्या बोलण्याची सत्तावीस वर्षं! दोन मिनिटांचं काम होतं ते. तो गेल्यापासून मला वाटतं, बरं झालं तेव्हा तरी सांगितलं. नाही तर आज कुणाला सांगितलं असतं?

पावसाळ्यानंतर मी बार्शीला गेलो, तेव्हा त्याच्या मुलीनं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. आत रबरं, मणी, छत्रीच्या तारा आणि अर्धवट झालेलं एक विमान. त्यावर त्याच्या अक्षरात आकडा, ‘४४’. उरलेला पंख मी पुण्यात घरी पूर्ण केला. मागच्या रविवारी आमच्या सोसायटीतल्या पोरांना घेऊन मैदानावर गेलो. चव्वेचाळीस नंबर छान चढलं, पण मग एकदम उजवीकडे कललं आणि दाणकन पडलं. एक छोटा मुलगा धावत गेला, उचलणार एवढ्यात मी त्याची कॉलर धरली.

‘थांब गड्या. आधी बघ.’

तो मुलगा उकिडवा बसला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘काका, हा पंख तुम्ही वाकडा चिकटवलाय.’

खरंच होतं ते!

आता तुमच्यासाठी या आठवड्याचा उद्योग. जाड कागदाचं एक साधं घरंगळणारं विमान बनवा. नाकाला टाचणीची क्लिप लावा आणि ती पुढेमागे सरकवून तोल साधा. विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या जागी दहा वेळा सोडा. एका वहीत प्रत्येक वेळी ते कसं पडलं आणि का पडलं, एवढंच लिहा. कुणी सोडलं, ते लिहायचं नाही! ज्यांना या छंदात आणखी पुढे जायचंय, त्यांनी एन.सी.सी.च्या हवाई दलाच्या तुकडीची चौकशी करावी. तिथल्या छात्रांना विमानांच्या प्रतिकृती बनवायला आणि उडवायला शिकवतात.

आणि हो, एखादी गोष्ट जिवलग मित्राला सांगायची राहिली असेल, तर सत्तावीस वर्षं थांबू नका. आज संध्याकाळीच सांगून टाका.

पुढच्या आठवड्यात भेटूच!